वर विठोबा, खाली झुरळ

भिंतीवर पोस्टर चिकटवायचं असेल तर सबंध पोस्टरला एकच गोंद लावावा. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात शहाणपणाचं म्हणावं असं एवढंच आहे. कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तो पटवून देतात. माझा सिद्धान्त सांगून झाला. आता आख्यान.

आमची मुलगी अपूर्वा प्राणिशास्त्र शिकली आणि एका पेस्ट कंट्रोल कंपनीत लागली. गेल्या गणपतीनंतर तिने ती नोकरी सोडली आणि 'निर्मळ पेस्ट कंट्रोल' या नावाने स्वतःचं काम सुरू केलं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, संध्याकाळ कीर्तनात जाते. तिथली मंडळी मला विचारायची, "परब, तुम्ही भूतदयेचं कीर्तन ऐकता आणि मुलगी झुरळं मारते, हे कसं काय?" यावर मी, ती आधी घराची दारं-खिडक्या उघडते, ज्याला जायचं त्याने जावं, असं उत्तर तयार ठेवलं होतं. उत्तर चांगलं होतं. अडचण अशी की मारायला झुरळंच मिळेनात. म्हणजे झुरळं आमच्या नाहूरमध्ये भरपूर, पण ती ज्यांच्या घरात आहेत त्यांचा फोन येईना.

ती कंपनी सोडताना तिथल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. जमलं नाही तर परत ये. पण मग तळोज्याच्या गोदामावर बसावं लागेल." नवरात्र उजाडलं तरी फोनचा पत्ता नव्हता. घट बसले त्या संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, "बाबा, मला वाटतं साहेबांना फोन करावा."

माझी बायको शकु आमटी वाढत म्हणाली, "कर मगे. पण आधी जेव."

मी नुकताच ध्रुवाचं आख्यान ऐकून आलो होतो. एवढंसं पोर अढळ बसतं आणि आमची पोर तळोज्याला जाते, हे माझ्याच्याने बघवेना. मी म्हणालो, "फोन करू नकोस. प्रसिद्धीचं माझ्यावर सोपव."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मोबाईलवरची प्रसिद्धी तिने करून बघितली होती. झुरळाचा एक व्हिडिओ टाकला, त्याला मैत्रिणींनी भराभर बदाम दिले. पण ज्यांच्या घरात ढेकूण आहेत ते बदाम देत बसत नाहीत, आणि माझ्याकडे ढेकूण आहेत हे चारचौघांत कुणी लिहीतही नाही. अशा माणसाला येता-जाता भिंतीवर नंबर दिसायला हवा, म्हणजे तो इकडे तिकडे बघून गुपचूप टिपून घेईल. मी छापील पोस्टरच्या निष्कर्षाला आलो तो असा. निष्कर्ष बरोबर होता, आजही माझं तेच मत आहे.

अपूर्वाने मला मजकूर दिला. 'झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर. बिनवासाची फवारणी.' आणि खाली माझा फोन नंबर, कारण तोंडाला मास्क बांधलेला असताना तिला बोलता येत नाही. मजकूर मला फार कोरडा वाटला. मी त्यात 'सर्व प्रकारच्या उपद्रवांपासून मुक्ती' अशी ओळ घातली. आणि आयुष्यात मी देवाच्या नावाशिवाय काही छापलेलं नाही, लग्नपत्रिका नाही की बारशाची चिठ्ठी नाही. तेव्हा वर देव हवाच.

"गणपती घालतो," मी म्हणालो.

शकु एरवी माझ्याशी साधं मुंबईचं मराठी बोलते. तिचं मालवणी सुरू झालं की मी सावध होतो. ती म्हणाली, "गणपती घालतास? आणि खाली उंदीर मारूचा औषद? तो उंदीर कोणाचो, म्हाईत हा मा?"

मुद्दा बिनतोड होता. मग मी एकेक देव विचारात घेतला. शंकराच्या गळ्यात नाग, दत्ताच्या पायाशी कुत्रे, देवी वाघावर, कार्तिकस्वामी मोरावर. आपल्या देवांनी इतके प्राणी पदरी बाळगले आहेत हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. पेस्ट कंट्रोलच्या दृष्टीने सगळी अडचणच. शेवटी विठोबा सापडला. वाहन नाही, शस्त्र नाही, कुणाशी वैर नाही. एका विटेवर कमरेला हात लावून उभा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे मी शकुला सांगितलं तर ती म्हणाली, "कांदो चिरतंय मी, म्हणान."

आमच्या शेजारी भीमराज राहतो. पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून पालिकेबद्दल खरं बोलायला लागला. पोस्टरचा नमुना मी त्याला दाखवला. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"राजा, धंदा कोणाचा आहे? पोरीचा का देवाचा?"

"पोरीचा. म्हणून तर देवाचा आशीर्वाद."

"आशीर्वाद अर्धं पोस्टर खातोय. देव काढ, नंबर मोठा कर."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

"मला नाही कळायचं? अरे, आमच्या विहाराच्या वर्गणीची पावती छापली तेव्हा पोरं म्हणाली, वर बुद्धांचा फोटो टाकू. मी म्हटलं, अजिबात नाही. पावती लोक कुठेही टाकतात. तुझं हे पोस्टर फाटलं की कोण उचलणार? कुठे टाकणार?"

मी हसलो. ते हसणं मला पुढे बरंच महागात पडलं. पण त्या वेळी मला वाटलं, याला सौंदर्यदृष्टी नाही.

छपाईसाठी मुलुंडला हर्षदभाईंकडे गेलो. त्यांनी नमुना बघून आधी मशीनपाशी पडलेल्या चपला लांब सरकवल्या. मग म्हणाले, "काका, कीर्तन किती तारखेला?"

"कीर्तन नाही. पेस्ट कंट्रोल."

"अच्छा." त्यांनी नमुना लांब धरून बघितला. "वर भगवान, नीचे कॉकरोच. बीचमध्ये काय तरी बॉर्डर टाकू? सीधा सीधा चांगला नाय दिसत."

आम्ही मधे झेंडूच्या माळेची नक्षी टाकली. झुरळ त्यांनी असं काही झकास निवडलं की बघून अंगावर काटा यावा. तपकिरी, तुकतुकीत, लांब मिशांचं. पुढचे दोन पाय त्याने एकमेकांजवळ आणले होते, त्यामुळे ते वरच्या विठोबाला नमस्कार करतंय असं वाटे. मला तर ही रचना फारच अर्थपूर्ण वाटली. वर पूर्वरंग, खाली उत्तररंग.

छोटी पोस्टरं मी आसपासच्या सोसायट्यांच्या दारांवर लावत गेलो. एक मोठं पोस्टर मात्र खास जागेसाठी राखून ठेवलं होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत एका सोसायटीची लांब भिंत आहे, तिच्या कोपऱ्यावर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पान थुंकत असे, आणि थुंकायला तो थांबतो म्हणजे वाचायलाही थांबेल, असा माझा हिशेब. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत. मी परवानगी मागितली तर त्यांनी नमुन्याचा वरचा अर्धा भाग बघितला आणि म्हणाले, "देव आहे ना? लावा, लावा. निदान लोक थुंकायचे तरी थांबतील." खालचा अर्धा भाग त्यांनी बघितलाच नाही. पुढे येणाऱ्या सगळ्या संकटांचं बीज या एका वाक्यात होतं, पण मी खूश होऊन घरी आलो आणि खळ शिजवायला घेतली.

मैद्याची खळ. त्यात कणभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून. खळ शिजता शिजता माझ्या मनात आलं की खळ पातळ असते, पोस्टर मोठं, वाऱ्याने सुटेल. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरावा हे बरं. पण तो गोंद म्हणजे काय कशापासून करतात कोण जाणे. देवाच्या अंगाला तो फासायचा हे मनाला पटेना. मग मी मधला मार्ग काढला. विठोबाला शुद्ध मैद्याची खळ आणि झुरळाला सुताराचा गोंद.

भीमराज शिडी धरायला आला होता. "दोन डबे कशाला?" त्याने विचारलं. मी कारण सांगितलं. त्याने शिडी सोडून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी वर लटकलेला.

भिंतीला लागून धोंडिरामचा उसाच्या रसाचा ठेला आहे. त्याने चरक थांबवला, विठोबाकडे बघून हात जोडले आणि मला फुकट रस पाजला. मला वाटलं, चांगला शकुन आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला. मी छाती फुगवून म्हणालो, "निर्मळ पेस्ट कंट्रोल."

"आरती किती वाजता असते?"

मी म्हणालो, आरती नसते. पलीकडून नाराजीने फोन ठेवला गेला. मग एका बाईंचा फोन. सर्व प्रकारच्या उपद्रवांपासून मुक्ती मिळते असं लिहिलंय, तर सासूचा उपद्रव चालेल का, आणि त्यासाठी किती गुरुवार करायचे. मी त्यांना विठोबाचा वार गुरुवार नसतो इतकंच सांगू शकलो. एका भजनी मंडळाला तारीख हवी होती. एका गृहस्थांनी तर देणगीची पावती मिळेल का विचारलं. अपूर्वा संध्याकाळी घरी आली की नुसती भुवई वर करायची. मी मान हलवायचो. मग ती काही न बोलता मोबाईलवरचा साहेबांचा नंबर बघत बसायची. ते बघणं माझ्या काळजात रुतत होतं.

तेवढ्यात सोसायट्यांच्या दारांवरची छोटी पोस्टरं परत यायला लागली. वाऱ्याने सुटलेली, कोपरे फाटलेली. वॉचमन लोक ती घडी न करता, दोन्ही हातांवर धरून, पत्ता विचारत घरी आणून देत. "काका, फाटला, पण देव हाय, कचऱ्यात कसा टाकायचा?" शकु ती एकेक घेऊन देवघरापाशी ठेवी. ढीग वाढत गेला. शेवटी तिला निरांजन ठेवायला जागा उरली नाही. "आता तुम्हीच एक पुजारी ठेवा," ती म्हणाली, आणि ते तिने मराठीत म्हटलं म्हणून मी जास्त घाबरलो.

जी पोस्टरं परत आली नाहीत त्यांचं काय झालं, हे बघायला मी स्वतः गेलो. ती फाटली नव्हती. लोकांनी झेंडूच्या माळेवरून कात्री चालवून खालचा भाग काढून टाकला होता आणि वरचा विठोबा जिन्याच्या कोपऱ्यांत, लिफ्टच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यावर चिकटवला होता. थुंकू नये म्हणून. एका सोसायटीच्या चेअरमनबाई मला म्हणाल्या, "फार उपयोग झाला हो. अजून आहेत का? फक्त ते खालचं नको." हर्षदभाईंनी हौसेने टाकलेली ती माळ नेमकी कापायची रेघ झाली होती. माझ्या मुलीचा धंदा मी स्वतःच्या हाताने, नक्षीसकट, कापून दिला होता.

आशा होती ती मोठ्या पोस्टरची. त्या गल्लीत मी नवरात्र संपता संपता गेलो आणि मला माझी भिंत ओळखू येईना. कोपरा धुऊन काढलेला. पोस्टरच्या मधोमध शहाबादी फरशीची फळी भिंतीत बसवलेली. फळीवर तांब्या, उदबत्तीचं घर, नारळाची भकलं, पेढे, गुळाचे खडे. फळीच्या खाली झुरळ दिसू नये म्हणून लाल कापडाचा पडदा सोडलेला. धोंडिराम कपाळाला बुक्का लावून बसला होता आणि रसाच्या ग्लासाबरोबर तीर्थ देत होता.

"धोंडिराम, माझा नंबर पडद्याआड गेला की रे."

"मामा, देवाच्या पायाशी किडा बरा दिसत न्हाई. म्या झाकला."

"तो किडा म्हणजे आमचा धंदा आहे."

"असू द्या. देव सगळ्यांचं बघतो." आणि त्याने माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले. रागाने ते मी लगेच खाल्ले.

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. लिफाफ्यावर पत्ता होता, 'व्यवस्थापक, विठ्ठल मंदिर, द्वारा निर्मळ पेस्ट कंट्रोल'. खरं सांगतो, क्षणभर मला फार बरं वाटलं. आयुष्यभर कीर्तनात मागच्या रांगेत बसलेला माणूस मी, कुणी तरी मला विठ्ठल मंदिराचा व्यवस्थापक म्हणालं होतं. मग आतला कागद वाचला. अनधिकृत धार्मिक बांधकाम दिवाळीच्या आत हटवावं, अन्यथा कारवाई.

भीमराजला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. खालच्या मजल्यावर परवान्याचे साहेब होते. मी नम्रपणे म्हणालो, "साहेब, हे मंदिर नाही, जाहिरात आहे." त्यांनी फोटो बघितला. "जाहिरातीत तांब्या कशाला? हे धार्मिक आहे. वरच्या मजल्यावर जा." वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी पडदा उचललेला फोटो बघितला. "खाली फोन नंबर आहे. ही जाहिरात झाली. खाली जा."

"पण नोटीस तुमचीच आहे."

"तेव्हा आम्हाला पडदा उचललेला माहीत नव्हता."

"मग नोटीस मागे घ्या."

"देव आहे ना वर. मागे कशी घेऊ?"

जिन्यात मी बसकण मारली. भीमराज माझ्या बाजूला बसला. मला वाटलं धीर देईल. तो म्हणाला, "राजा, मी इथे इतकी वर्षं नोकरी केली, पण दोन्ही मजल्यांना एकाच वेळी बरोबर ठरवणारा माणूस पहिल्यांदा बघतोय."

घरी अपूर्वाने नोटीस वाचली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या नावाने देऊळ निघालं. माझ्या नावाने नोटीस निघाली. झुरळाचा एक फोन नाही निघाला. मी सोमवारी साहेबांना कळवते."

रविवारी सकाळी सामंतांचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं कुणी तरी वारलं. "परब, तुमच्या त्या फळीखाली. प्रसादाला लागलीत. झुरळं. भिंतीतून आमच्या तळमजल्यावर, तिथून गटाराच्या पाइपाने सगळ्या विंगांत. काल आमच्या हिच्या चहाच्या डब्यात निघालं. तुमची मुलगी काही करते ना त्यातलं?"

मी अपूर्वाच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, "काका, मी संध्याकाळी येऊन बघते." येऊन बघितलं तेव्हा मीही बरोबर होतो. तिने फरशीच्या फळीखाली टॉर्च मारला आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. सामंतांनी जागेवर सांगितलं, सगळ्या विंगा, वर्षभराचं काम, कमिटी मंजूर करते, उद्याच सुरू कर. मला वाटलं, पावला.

"नाही," अपूर्वा म्हणाली.

मी मागून तिला खुणावलं, हो म्हण.

"फळी आहे तोवर काम नाही घेणार मी, काका. आज मारीन, उद्या पेढ्याला नवीन येतील. मग तुम्हीच म्हणाल, पोरीचं औषध कुचकामी. आधी हे हलवा."

"देव हलवायचा?" सामंत म्हणाले. "मी नाही सांगणार बुवा लोकांना."

धोंडिराम तर चरकाला पाठ लावून उभाच राहिला. "देवाला हात लावायचा न्हाई. रीतसर निरोप द्या. कीर्तन करा, मगच."

मी आमच्या बुवांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "परब, एक तर मी झुरळांसाठी आजवर कीर्तन केलेलं नाही. दुसरं, दिवाळी संपेपर्यंत मला तारीख नाही. पण तुम्ही इतकी कीर्तनं ऐकलीत. तुम्हीच उभे राहा की."

हे ते सहज म्हणाले. मी मात्र त्या दिवशी नीट जेवलो नाही.

कीर्तन ठरलं धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी. लाउडस्पीकरला परवानगी लागते, आणि परवानगी कुठल्या मजल्यावर मिळते ते विचारायची माझी ताकद नव्हती, म्हणून बिनस्पीकरचं. शकुने धोतर नेसायला मदत केली आणि उपरण्याला पिन लावली. "घाबरा नको," ती म्हणाली. "चुकलास तरी कोणाक कळूचा नाय. ऐकणारे सगळे रस पिणारे असत." गल्लीत सतरंज्या पसरल्या होत्या. अपेक्षेपेक्षा माणसं जास्त. सासूचा उपद्रव असलेल्या बाई बहुतेक त्यातच असाव्यात. भीमराज प्लास्टिकच्या खुर्चीवर पुढे बसला होता. "मी देवासाठी नाही आलो," त्याने आधीच सांगून टाकलं. "तुझी फजिती बघायला आलोय." शिडी आणि बादली मात्र त्याने न सांगता आणून ठेवली होती.

मी टाळ घेतले, नमन केलं, आणि पुढचं सगळं विसरलो. ऐकताना जे इतकं ओळखीचं असतं ते उभं राहिल्यावर कुठे जातं कोण जाणे. समोर माणसं, मागे विठोबा, फळीवर कापूर जळतोय, बाजूला मास्क गळ्यात अडकवून माझी पोर उभी. मग मी जे सुचेल ते बोललो.

"मंडळी, हा देव विटेवर उभा राहिला, कारण त्याला कुणी तरी म्हणालं, थांब. तो थांबला. इथे या भिंतीवर त्याला थांब कोण म्हणालं? मी म्हणालो. माझ्या मुलीला चार कामं मिळावीत म्हणून. तो तक्रार न करता उभा राहिला. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, त्याच्यामुळे तुमचा हा कोपरा स्वच्छ झाला. पण ज्याने थांब म्हटलं, त्यानेच आता चल म्हणायला हवं. मी त्याला घरी न्यायला आलोय."

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बुवांचा हेवा थोडासा कमी वाटला. एक बाई म्हणाल्या, "पण बुवा, देव गेल्यावर लोक पुन्हा थुंकतील." त्यांनी मला बुवा म्हटलं होतं. मी त्यांना समर्पक उत्तर देण्यासाठी श्वास घेतला.

कापराची धग फरशीला लागली असावी. फळीच्या खालून, लाल पडद्याच्या आडून, पहिलं झुरळ बाहेर आलं आणि मिशा हलवत सतरंजीकडे निघालं. मग दुसरं. मग मोजायला कुणी थांबलं नाही. पुढची रांग उठली, तिच्या पायांत मागची रांग अडकली. डोळ्यांना पदर लावलेल्या आजी सगळ्यांच्या आधी पलीकडच्या फुटपाथवर होत्या. धोंडिराम चरकावर चढला आणि वरून ओरडला, "न्या मामा, न्या. निरोप झाला. आत्ताच्या आत्ता न्या."

अशा रीतीने माझा पूर्वरंग मी केला आणि उत्तररंग झुरळांनी. दोन्हींपैकी कोणता जास्त परिणामकारक झाला, हे मी लिहिणार नाही. अपूर्वाने मास्क वर चढवला, भीमराजने फरशी उखडली, आणि ती पाठीवरची टाकी सरळ करून फळीच्या जागेकडे चालत गेली. तिच्या त्या चालण्यात तळोजं कुठेच नव्हतं. सामंत भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सगळ्या विंगा हं बेटा, सगळ्या."

मी ओल्या फडक्याने विठोबा भिजवला. मैद्याची खळ ती, पाण्याने लगेच सैल झाली. देव एका बाजूने सुटत सुटत, कुठेही न फाटता, माझ्या हातांवर आला. भीमराजने शिडी या वेळी दोन्ही हातांनी धरली होती. मी देव शकुच्या पदरात दिला आणि खालच्या अर्ध्याकडे वळलो.

सुताराचा गोंद.

फडकं झालं, गरम पाणी झालं, उलथनं झालं. झुरळाची मिशीसुद्धा हलली नाही. "राहू दे," भीमराज म्हणाला. "भिंत पडेल, हा नाही पडायचा." आजही ते तिथेच आहे. झेंडूची अर्धी माळ, तिच्याखाली तुकतुकीत तपकिरी झुरळ, नमस्काराला जोडलेले पाय, आणि खाली, पडदा गेल्यामुळे आता कुणालाही वाचता येईल असा, माझा फोन नंबर. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी प्रकरण बंद केल्याचं पत्र पाठवलं. खालच्या मजल्यावरून दुसरं पत्र आलं, की आता ही निखळ जाहिरात दिसते, तरी परवान्यासाठी भेटावं.

दिवाळीत अपूर्वाने साहेबांना फोन केला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो, पण ऐकत होतो. "नाही सर, नाही जमणार," ती म्हणाली. "कामं आहेत हो हातात."

भाऊबीजेनंतर एका सकाळी मी त्या गल्लीतून जात होतो. एक गृहस्थ डबा सांभाळत घाईघाईने स्टेशनकडे निघाले होते. भिंतीपाशी त्यांचा वेग मंदावला, एक हात छातीकडे गेला, मग कपाळाला, आणि झुरळाला नमस्कार करून ते पुढे निघून गेले. त्यांच्यामागून आलेल्या कॉलेजच्या मुलीनेही तेच केलं. बघितलंही नाही कुणी, नुसती सवय. आता यांना थांबवून समजावून सांगायला हवं, या विचाराने मी भिंतीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"निर्मळ पेस्ट कंट्रोल."

"ते झुरळांचं तुमच्याकडेच ना?" एका बाईंचा दबका आवाज. "घरात फार झालीत हो. पण येताना बिल्डिंगमध्ये कुणाला सांगू नका. कधी याल?"

मी त्यांचा पत्ता विचारला, वेळ ठरवली, बिनवासाची फवारणी असते हेही समजावलं. बराच वेळ बोलणं चाललं. फोन खिशात ठेवून निघालो तेव्हा पायांना फरसबंदी गार लागली. खाली बघितलं, तर माझी चप्पल बाजूला, व्यवस्थित जोडून काढून ठेवलेली होती.